खाडीपलीकडचें नाणें

परदेश म्हटला कीं समुद्र ओलांडून गांठावयाचा मुलूख, आणि परदेशचें चलन म्हटलें कीं पौंड, डॉलर, फ्रँक हीं नांवें आपल्या मनापुढें उभीं राहतात. नकाशावरील रंगीत रेघांनीं देश वेगळे होतात अशी आपली समजूत शाळेंतच पक्की होऊन बसलेली असते. परंतु परदेश कोठें सुरू होतो हें ओळखण्याची एक ह्याहून जुनी, आणि आमच्या मतें अधिक भरंवशाची, खूण आहे. ज्या जागीं दुकानदार आपला पैसा हातांत घेऊन उलटसुलट पाहूं लागतो, दगडावर वाजवितो, शेजाऱ्यास दाखवितो, आणि अखेरीस हा इकडे चालत नाहीं म्हणून परत करितो, किंवा मोठ्या उपकारानें कांहीं कापून घेऊन ठेवतो, तेथें परदेश सुरू झाला असें खुशाल समजावें. ह्या खुणेनें पाहूं गेल्यास आपल्या पूर्वजांस परदेशीं जाण्याकरितां जहाजावर चढण्याची मुळींच गरज नव्हती. पहांटे घरून निघालेला मनुष्य दुपार टळण्यापूर्वीं पायींच परदेशीं पोंचत असे.

दहिसरचेंच उदाहरण घ्या. साष्टी बेटाच्या उत्तर अंगास डोंगर आणि खाडी ह्यांच्यामध्यें वसलेलें हें गांव. डोंगरांतून उतरणारी त्याच नांवाची नदी, जवळच मंडपेश्वराचें लेणें, आसपास मिठागरें. १९५७ सालीं बृहन्मुंबईची हद्द येथपर्यंत वाढली, तोंवर तें ठाणें जिल्ह्यांत मोडे. मुंबईकराच्या मनांत मात्र दहिसर म्हणजे नाका. २०१७ च्या जुलैंत जकात बंद झाली तोंपर्यंत उत्तरेकडून मुंबईंत शिरणाऱ्या मालाच्या गाड्या येथें खोळंबून राहत, आणि दहिसरचें गांवपण लोपून गेलें तरी नाक्यामुळें नांव सर्वतोमुखीं राहिलें. पण तीन-साडेतीनशें वर्षांपूर्वीं मुंबईची हद्द दहिसरच्या उत्तरेस नसून दक्षिणेस, माहीमच्या खाडीवर होती. आणि दहिसरकर हा त्या हद्दीच्या आंतला नव्हे, बाहेरचा मनुष्य होता.

हें कसें घडलें तें थोडक्यांत सांगतों. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांस तोडून दिला. त्यांत साष्टीही आली आणि मुंबईही आली. १६६१ च्या विवाहाच्या तहानें मुंबईचें बेट इंग्लंडच्या राजास मिळालें, १६६५ सालीं तें प्रत्यक्ष ताब्यांत आलें, आणि १६६८ सालीं राजानें तें सालीना दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. साष्टी मात्र फिरंग्यांकडेच राहिली. वांद्र्याच्या बाजूस एक राज्य, माहीमच्या बाजूस दुसरें, आणि मध्यें ओहोटीच्या वेळीं चिखल दिसणारी खाडी! मुंबईस जाणाऱ्या दाण्यागोट्यावर पोर्तुगीज ठाण्यास व करंजास जकात बसवीत, आणि इंग्रज त्याबद्दल सारखे ओरडत असत. पुढें १७३७ सालीं मराठे साष्टींत उतरले, १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पानें वसई घेतली, आणि खाडीच्या उत्तरेस फिरंग्याच्या जागीं पेशव्याचा अंमल आला. हद्द होती तेथेंच राहिली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें व साष्टी बळकाविलीं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तीं त्यांजकडे कायम झालीं, तेव्हां कोठें ही हद्द पुसली गेली. शंभराहून अधिक वर्षें दहिसर व माहीम हे दोन देश होते.

आतां एक मनुष्य कल्पूं. त्याचें नांव इतिहासांत नाहीं. असल्या मनुष्यांचें तें नसतेंच. सन १६८० च्या सुमारास तो दहिसरहून तांदुळाची पाटी किंवा कोंबड्यांची डालगी घेऊन निघतो, सहा-सात कोस चालून वांद्र्यास येतो आणि तरीनें खाडी उतरून माहिमास जातो. माल विकतो, घरचें सामान विकत घेतो, संध्याकाळीं परततो. एवढासा व्यवहार. परंतु ह्या एका दिवसांत त्यास किती नाण्यांशीं गांठ घालावी लागे हें पाहिलें म्हणजे आजच्या प्रवाशाची कुरकुर पोरकट वाटूं लागते.

त्याच्या कनवटीस घरून निघतांना जें नाणें होतें तें पोर्तुगीजांच्या हिशेबाचें. ह्या हिशेबांतील नांवें फिरंगी वाटतात खरीं, पण सोलून पाहतां तीं बहुतेक आपलींच निघतात. टांगा म्हणजे आपला टंक. पर्दाव हें प्रताप ह्या शब्दाचें बोबडें रूप, असें विद्वान् मानतात. दक्षिणेंतील सोन्याच्या होनावर राजाचें जें बिरुद असे त्यावरून तें पडलें. शेराफिन म्हणजे अशरफी. फरक इतकाच कीं अशरफी सोन्याची आणि शेराफिन चांदीचा. तीनशें रेसांचा, म्हणजे पांच टांग्यांचा, एक शेराफिन. सोळाव्या शतकांत गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्यास मुंबईचें बेट खंडानें मिळालें होतें. त्या खंडाचा आंकडा पर्दावांत आहे. मुंबईचा गव्हर्नर ऑंजियर ह्यानें १६७२ सालीं बेटावरील जमीनदारांशीं करार केला, त्यांतील सालीना वीस हजारांची रक्कमही शेराफिनांतच लिहिलेली आहे. राज्य इंग्रजांचें झालें, पण हिशेबाची जीभ कांहीं एका दिवसांत वळत नाहीं. एवढेंच नव्हे, तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मुंबईच्या वह्यांत रुपयाचे चार पाव व पावाचे शंभर रेस असाच जमाखर्च चाले. पोर्तुगीज गेल्यास दीडशें वर्षें लोटलीं तरी त्यांचा रेस इंग्रजांच्या वहींत जिवंत होता.

पण शेराफिन आणि पर्दाव हीं मोठ्यांचीं नाणीं. आमच्या दहिसरकराच्या कनवटीस असे तो बझारूक. १५८३ पासून पांचसहा वर्षें गोव्यास राहिलेला लिन्स्कोटेन नांवाचा डच गृहस्थ आपल्या १५९६ सालच्या प्रवासग्रंथांत ह्या बझारुकाचें वर्णन करितो: तें ओतीव आणि हलक्या कथलाचें नाणें होतें. त्यानें आणखी एक मौज नमूद केली आहे. गोव्याच्या बाजारांत प्रत्येक सौदा ठरवितांना, दाम चांगल्या चलनांत द्यावयाचा कीं वाईट चलनांत, हेंही ठरवावें लागे. कारण चार चांगले टांगे हे पांच वाईट टांग्यांबरोबर धरीत. एकाच राज्यांत, एकाच राजाचें, एकाच नांवाचें नाणें, आणि त्यांत चांगलें व वाईट असे दोन वर्ण! गांवकरी माणसाच्या वांट्यास कोणता टांगा येत असेल हें सांगावयास नको.

आतां खाडीपलीकडे चला. तेथें कंपनीनें १६७२ सालीं टाकसाळ सुरू केलेली. चांदीच्या नाण्यास अँग्लिना, तांब्याच्यास कॉपरून आणि कथलाच्यास टिनी अशीं नांवें दिलेलीं. नांवें जिभेवर रुळलीं नाहींत. १६७६ सालीं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजानें मुंबईच्या टाकसाळीस सनद दिली, तींत नाण्यांचीं नांवें रुपये, पैसे आणि बझारूक अशींच घातलीं. म्हणजे इंग्रज राजाच्या मोहरेच्या कागदांत पोर्तुगीजांचा कथली बझारूक मानानें जाऊन बसला! परंतु नांव एक झालें म्हणून नाणें एक होत नाहीं. खाडीच्या अलीकडचा बझारूक पलीकडे त्याच मोलानें चालेल ही हमी कोणी द्यावयाची? चांदीचा तुकडा असता तर काट्यावर टाकून त्यांतील चांदीपुरतें मोल तरी मिळालें असतें. कथलाच्या चकतीस असलें पोटांतलें मोल जवळजवळ नाहीं. तिचें सारें मोल राजाच्या हुकुमांत. आणि राजाचा हुकूम खाडीच्या कांठाशीं संपतो.

आमच्या मतें चलनाच्या इतिहासांतील मुख्य गोष्ट हीच आहे, आणि नाण्यांवरील ग्रंथांत तीच फारशी आढळत नाहीं. हद्द ओलांडतांना नुकसान सर्वांचें सारखें होत नाहीं. सुरतेचा सावकार मुंबईस येई तेव्हां त्याजजवळ चांदी असे, आणि चांदी कोणत्याही राजाची असली तरी चांदीच. इराणांतील लार शहरावरून नांव पडलेली लारी ही तर चांदीची दुमडलेली तार. तिच्यावरील अक्षरें कोणास वाचतां येवोत वा न येवोत, होर्मुझपासून कोंकणच्या बंदरांपर्यंत ती चाले, आणि विजापूरच्या आदिलशहानेंही तशीच पाडली. धनवानाचें द्रव्य असें चहूंकडे चालणारें, तर गरिबाचें गांवापुरतें. जितकें नाणें लहान, तितका त्याचा देश लहान.

ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत अनेक वेळां येऊन गेला. त्यानें हें अगदीं आंकड्यांनिशीं दाखविलें आहे. तो सांगतो कीं मालदीवांतून येणाऱ्या कवड्या समुद्रकांठीं पैशाला ऐशीपर्यंत मिळतात. जसजसें आंत जावें तसतशा कमी होत होत आग्र्यास पन्नास-पंचावन्नांवर येतात. गुजराथेंत तर कडू बदाम चलन म्हणून चालत. हे बदाम इराणांतून येत, पैशाला कधीं पस्तीस तर कधीं चाळीस मिळत, आणि त्यांचा भाव कोण्या राजाच्या टाकसाळींत नव्हे तर त्या सालच्या पिकावर ठरे. दूरदेशींच्या झाडांस मोहोर कमी आला म्हणजे सुरतेच्या हमालाच्या मजुरीचा हिशेब बदले! फुटकी कवडी, कवडीमोल हे शब्द आपण आज तुच्छतेनें वापरतों. ज्यांचा बाजार कवड्यांनींच होई त्यांना ते तुच्छ वाटत नसावेत.

ह्या साऱ्या गोंधळांत वाटाड्या होता तो सराफ. लहानसें का खेडें असेना, तेथें सराफ असावयाचाच, असें ताव्हर्नियेनें लिहिलें आहे. आणि गोव्याच्या रस्त्यांवर कोंपऱ्याकोंपऱ्यावर नाणीं पारखणारे बसलेले लिन्स्कोटेननें पाहिले होते. सराफ हा शब्द अरबी. पोर्तुगीजांनीं त्याचा शाराफ केला, इंग्रजांनीं श्रॉफ. हा श्रॉफ इंग्रजांबरोबर चीनच्या किनाऱ्यापर्यंत गेला आणि हाँगकाँगमध्यें पैसे भरण्याच्या खिडकीवर ही पाटी आजही दिसते. सराफाची विद्या डोळ्यांत, कानांत आणि बोटांच्या टोंकांत असे. नाणें खणखणीत आहे कीं बद्द, झिजलें किती, कडा कातरली आहे काय, शिक्का कोणत्या सालचा, हें सर्व तो क्षणांत सांगे. आणि त्या ज्ञानाचा मोबदला म्हणून बट्टा घेई. नाणें पाडल्यास दोनचार वर्षें झालीं कीं तें झिजलें असो वा नसो, त्यावर बट्टा बसावयाचाच, असाही रिवाज पुष्कळ ठिकाणीं होता. सराफास शिव्या देणें सोपें आहे. पण तो नसता तर प्रवाशाचें पाऊल पुढें पडलें नसतें हेंही तितकेंच खरें.

सराफी भाषा आपल्या लोकांच्या हाडींमाशीं किती खिळली होती ह्याचा एक विलक्षण दाखला आहे. १७६१ च्या जानेवारींत नानासाहेब पेशवे उत्तरेकडे जात असतां नर्मदेच्या आसपास त्यांना पानिपतच्या संहाराची पहिली वार्ता कळली ती एका सावकारी पत्रांतून, असें ग्रँट डफनें लिहिलें आहे. त्यांत भाऊसाहेब व विश्वासराव हीं दोन मोत्यें झालीं, मोठमोठे सरदार मोहरा झाले, आणि सामान्य शिपाई रुपये व खुर्दा झाले. मोत्यांची संख्या दिली होती, मोहरांची दिली होती. खुर्दा किती गेला त्याची मात्र गणती झाली नव्हती. राष्ट्राचा शोक सराफाच्या वहींतल्या शब्दांत मांडला गेला आणि त्या वहीची रीतही बरोबर उतरली.

असो. मुंबईच्या टाकसाळीची कथा अर्धी राहिली. इंग्रज राजाच्या नांवाचा रुपया खाडीपलीकडे खपेना आणि दिल्लीकरांस खपत नव्हता. मोगल इतिहासकार खाफीखान हा १६९५ च्या सुमारास मुंबईस आला असतां त्यानें तेथील इंग्रज अधिकाऱ्यास ह्याबद्दल छेडल्याची हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. अधिकाऱ्यानें उत्तर दिलें तें असें कीं, तुमच्या बादशहाचीं नाणीं वजनांत कमी व हिणकस येतात, बेटावर देवघेवींत तंटे होतात, म्हणून आम्हीं आपलीं पाडलीं. दोघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं खरें होतें. अखेर व्यापारानें अभिमानावर मात केली: १७१७ सालीं फर्रुखसियर बादशहाचें फर्मान मिळवून मुंबईच्या टाकसाळींत इंग्रजांनीं बादशहाच्याच नांवाचे रुपये पाडण्यास सुरुवात केली, कां कीं ते बादशाही मुलुखांत बट्ट्यावांचून चालावे. शतकभर मुंबईच्या रुपयावर लंडनच्या राजाचें नांव नव्हतें, दिल्लीच्या बादशहाचें होतें. मराठ्यांनीं तरी वेगळें काय केलें? शिवाजीमहाराजांनीं होन व शिवराई स्वतःच्या नांवानें पाडलीं, पण पुढें मराठी अंमलांतले रुपये बहुतेक बादशहाच्या नांवाचेच निघत. अंकुश किंवा असेंच एखादें चिन्ह तेवढें आपलें. अंकुशी रुपया तो ह्यावरूनच. सार्वभौमत्वाची घोषणा दरबारांत करतां येते. बाजारांत ती बट्टा भरून करावी लागते.

साष्टी मराठ्यांकडे असतां दहिसरकराच्या कनवटींत काय होतें हें न्यायमूर्ति रानड्यांच्या १८९९ सालच्या मराठी टाकसाळींवरील निबंधावरून बरेंचसें समजतें. पेशवाईंत टाकसाळ हें एकच एक सरकारी खातें नव्हतें. ठिकठिकाणच्या सावकारांस व सोनारांस परवाने दिलेले असत. परिणामीं अंकुशी, चांदवडी, चिंचवडी, मल्हारशाही, हाली, सुरती, भडोची असे नानापरींचे रुपये एकाच बाजारांत, प्रत्येकाचा भाव निराळा. सरकारसारा एका रुपयांत द्यावयाचा, धान्य विकून मिळे दुसरा. मधला बट्टा रयतेच्या डोक्यावर. पुण्याहून साताऱ्यास जाणें म्हणजे देखील थोडें परदेशींच जाणें. नांवाला बट्टा लागला असें आपण म्हणतों, तेव्हां हा शब्द किती घरांच्या चुलीजवळून आला आहे ह्याची आपणांस कल्पना नसते.

दूरच्या यात्रेस जाणाऱ्यापुढें तर दुहेरी संकट: नाणीं बदलावींत कशीं, आणि त्याआधीं तीं वाटेंत राखावींत कशीं? त्यावरचा तोड म्हणजे हुंडी. पुण्याच्या किंवा नाशिकच्या पेढीवर रक्कम भरावी, कागद घ्यावा, आणि काशीस पोंचल्यावर तेथील पेढीवर तो दाखवून तिकडच्या चलनांत पैसे उचलावे. दाखवितांच पैसे मिळत ती दर्शनी, ठराविक दिवसांनीं मिळत ती मुदती. हुंडी हरवली तर पैंठ, पैंठही हरवली तर परपैंठ. इंग्रजी बँकांनीं प्रवाशांकरितां जे कागद पुढें काढले त्यांत ह्याहून निराळें तत्त्व आम्हांस दिसत नाहीं. खर्च म्हणून जी हुंडणावळ द्यावी लागे तींत नाण्याचा फरक, वाटेची जोखीम आणि पेढीची पत, तिन्ही मोजलेलीं असत. पण हुंडी घेण्यास मुळांत रक्कम बरी असावी लागते. जो रोख कमरेस बांधून निघाला त्याची काय गत होई हें वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’ ह्या पुस्तकांत आहे. १८५७ सालीं कर्ज फेडण्यास दक्षिणा मिळवावी म्हणून ते उत्तरेस गेले. बंडाच्या वणव्यांत सांपडून झांशीच्या लुटींत हातचें गमावून बसले. आणि घरीं आणली ती गंगेची कावड.

गोडशांच्या प्रवासाच्या वेळीं नाण्यांचा घोळ खरें म्हणजे मिटावयास लागला होता. १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या साऱ्या मुलुखांत १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आला, सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशें ब्याण्णव पै असा सरळ हिशेब झाला, आणि त्यावर बादशहाचें नांव जाऊन विल्यम राजाचा मुखवटा आला. एकछत्री अंमलाचे तोटे पुष्कळ. पण पायीं चालणाऱ्या माणसाचा बट्टा त्यानें वांचविला हें नाकारतां येत नाहीं. तेव्हांपासून मराठी माणसास जमिनीवरून गांठतां येण्याजोगा परदेश उरला तो गोवा. तेथेंही १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर गोव्याचीं नाणीं १८८१ पासून कांहीं वर्षें कलकत्त्याच्या टाकसाळींत पडूं लागलीं. वजन इंग्रजी रुपयाचें, मुखवटा पोर्तुगालच्या लुईश राजाचा. रुपयाचे सोळा टांगे, टांग्याचे साठ रेस. म्हणजे पंधरा रेसांचा पैसा. मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या दर्शनास जाणाऱ्या मुंबईकरास एवढा कोष्टक पाठ केला कीं पुरे. मग १९५८-५९ सालीं पोर्तुगीज सरकारनें रुपया मोडून सहा एस्कुदोंस एक रुपया ह्या दरानें नवें चलन बसविलें. गोंयकारानें तें अंगवळणीं पाडून घेतलें न घेतलें तोंच १९ डिसेंबर १९६१ उजाडला आणि पुन्हां रुपया आला. तीन वर्षांत दोनदां देश बदलण्याचा हा अनुभव घरांतून न हलतां मिळाला.

समुद्रापलीकडच्या परदेशांत नाणें वाजवून पाहणारा सराफ नव्हता. तेथें बट्टा अदृश्य झाला होता, पण गेला नव्हता. १९२० च्या आरंभीं रुपयाची हुंडणावळ दोन शिलिंग आठ पेन्सांच्याही वर चढली होती. पुढच्या वर्षीं ती एक शिलिंग चार पेन्सांखालीं घसरली. हजार रुपये घेऊन लंडनला जाणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्या दरानें १३३ पौंड मिळाले असते, दुसऱ्यानें ६६. रुपयावरची छाप तीच, चांदी तीच. अर्धें शिक्षण मात्र वाटेंत गळालें. त्याच १९२० सालीं डॉ. आंबेडकर स्वतःची शिल्लक आणि मित्राकडून घेतलेलें कर्ज ह्यांच्या बळावर लंडनला पुन्हां शिकावयास गेले होते, आणि १९२३ सालीं तेथें प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध रुपयाच्याच प्रश्नावर आहे. प्रबंधाची मांडणी शास्त्राची आहे, तींत खाजगी रडगाणें नाहीं. तरी रुपयाची क्रयशक्ति स्थिर राहिली पाहिजे, तिच्या चढउतारांत गरीब भरडला जातो, हा त्यांचा आग्रह वाचतांना ज्या खोलींत बसून तो लिहिला तिच्या भाड्याची आठवण आम्हांस झाल्यावांचून राहत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर उलटा प्रकार झाला: परकीय चलन दुर्मिळ, म्हणून सरकार स्वतःच सराफ होऊन बसलें. १९५९ सालीं मुंबईहून जेद्द्यास जाणाऱ्या हज यात्रेकरूंसाठीं रिझर्व्ह बँकेनें निराळ्या नोटा छापल्या; आखाती मुलुखांत चालणाऱ्या रुपयाकरितांही निराळ्या, कारण तिकडे १९६६ पर्यंत आपला रुपया चालत होता. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेस निघालेल्या मराठी विद्यार्थ्याच्या खिशांत आठ डॉलर असत, आणि ते तेवढेच असण्याची मुभा होती. ती पिढी आतां आजोबा झाली आहे. त्या आठ डॉलरांची गोष्ट तिच्या नातवंडांस पाठ आहे, आणि खरी वाटत नाहीं.

आज साष्टींतून परदेशीं जाण्याचा रस्ता पुन्हां दहिसरवरून दक्षिणेसच जातो. फक्त खाडीच्या अलीकडे, अंधेरीजवळ सहारच्या विमानतळावर तो संपतो. तेथें कांचेआड चलन बदलणारे बसतात. त्यांच्या पाटीवर प्रत्येक देशाच्या नांवापुढें घेण्याचा एक आणि देण्याचा एक असे दोन भाव लिहिलेले असतात, आणि दोहोंमधील अंतर हाच जुना बट्टा. परत येणारा प्रवासी उरलेल्या नोटा पुढें करतो, त्या मोजून घेतल्या जातात. मग तो खिशांतली मोड काढतो: सेंट, पेनी, येन, फिल्स. ती मात्र मान हलवून परत दिली जाते. घरोघरच्या खणांत, जुन्या बटणांच्या डब्यांत, ती खुळखुळत पडलेली असते.